सील बदलूनही प्रेशर टिकत नसेल तर

प्रेशर वॉशरच्या पंपाची सील दोनदा बदलली, अनलोडर व्हॉल्व्हही (ट्रिगर सोडल्यावर पाणी परत वळवणारा) नवा टाकला, तरी गनचं प्रेशर वर-खाली होतंय असं तुम्ही लिहिलंय. पंप पुन्हा खोलण्याआधी पाणी येण्याची बाजू तपासा. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. टाकीकडून येणाऱ्या नळीची क्लिप सैल होती. बाहेर थेंबही गळत नव्हता, म्हणून आठवडाभर तिकडे लक्षच गेलं नाही. पंप चालू असताना त्या जोडावर शाम्पूचा फेस लावला, तर फेस आत ओढला गेला आणि पंपाची खडखड क्षणभर थांबली. हवा तिथूनच शिरत होती. अशी हवा आत जात राहिली की नवी सीलही लवकर जातात. सक्शनची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूची, जाळीही काढून धुवा.

गनचा ट्रिगर सोडल्यावर पंप तसाच चालू ठेवता का? बायपासमध्ये, म्हणजे गनकडे न जाता परत वळणाऱ्या वाटेत, तेच पाणी फिरून तापतं आणि सील खराब करतं. मशीन चालवणाऱ्या पोरांना हे बजावून सांगाच.

नोझल झिजलं असेल तर प्रेशर कायमच कमी राहतं, असं वर-खाली होत नाही. पंपातलं तेल मात्र आजच बघा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, मग पंप चालवू नका.