पांढरीच्या मातीत निघालेल्या खापरांचं वय कसं काढतात?

घोडकाठची सून
सासरी मळ्याला लागून पांढरीचं, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या मातीचं टेकाड आहे. दर उन्हाळ्यात गावातले लोक तिथली माती रानात टाकायला नेतात. यंदा आम्हीही चार ट्रॉल्या आणल्या. माती पांगवताना खापरं निघाली: लालसर, काहींवर काळ्या रेघा, एकाला मोडकी तोटी. धाकटे दीर म्हणतात, पणजीच्या काळची गाडगी असतील. मी १७ तुकडे वेचून परातीत वाळत घातलेत. यांचं वय कुठे काढून मिळतं? आणि टेकाडात अजून दोन-चार फूट खाली गेलं तर जास्त जुनं निघेल ना?

सिंहगड रोडवाला
सोपं आहे. कार्बन डेटिंग करून घ्या. लॅबला तुकडा पाठवला की वर्ष सांगतात.

खुरपं-ब्रश
सोपं असतं तर माझे दोन उन्हाळे वाचले असते. एम. ए.ला असताना विदर्भातल्या एका उत्खननावर होतो, आता शाळेत इतिहास शिकवतो. जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगतो.

ताई, आधी एक काम करा. खापरांना काथ्या किंवा घासणी लावू नका. आतल्या बाजूला काळी काजळी धरली असेल तर तिला पाणीसुद्धा नको. कार्बनचं वय निघतं ते कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं: लाकूड, धान्य, हाड. जीव गेला की त्यातला कार्बन-१४ घटायला लागतो आणि ५७३० वर्षांत निम्मा होतो. लिबी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमारास ही पद्धत बसवली, आणि खरी ठरते का हे पाहायला वय आधीच माहीत असलेली इजिप्तच्या थडग्यांतली लाकडं तपासली. नुसत्या भाजलेल्या मातीत हे मोजण्यासारखं सहसा काही नसतं. म्हणून खापराचं वय म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या शेजारी सापडलेल्या कोळशाचं किंवा जळक्या जवाचं वय. तुमच्या ट्रॉलीत शेजारच उरलेला नाही, अडचण ती आहे.

थर्मोल्युमिनेसन्स म्हणून दुसरी पद्धत आहे, तीत भांडं शेवटचं कधी तापलं ते कळतं. पण त्यालाही खापर ज्या मातीत पडून होतं ती माती लागते, कारण तिच्यातला किरणोत्सर्ग धरावा लागतो. पुन्हा शेजारच.

आता 'खोल तेवढं जुनं' याबद्दल. थर एकावर एक साचतात, इथवर बरोबर. पण माणसं जमीन उकरतात! तुमच्याकडे म्हातारी माणसं असतील तर पेव कसं असतं ते विचारा. हजार वर्षांनंतरच्या कुणीतरी धान्यासाठी सहा फूट पेव खणलं, पुढे ते कचऱ्याने भरलं, तर नवी खापरं जुन्या थरांच्याही खाली जाऊन बसतात. घुशी हेच काम फुकटात करतात. आमच्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर आम्ही रोज सकाळी पाण्याचा हलका फवारा मारायचो. ओल धरली की थरांचे रंग वेगळे दिसतात आणि पेवाची कड चाकूने कापल्यासारखी उठून येते. माझ्या खड्ड्यात कामाला एक मावशी होत्या, त्यांना फवारासुद्धा लागायचा नाही. खुरपं आपटून म्हणायच्या, "हितं भुई हाय," आणि एक हात सोडून, "हितं पोकळ." सारवलेली जमीन टणक वाजते, भरलेला खड्डा भसभसतो. मला ते ऐकू यायला महिना लागला.

आणि माझी फजिती सांगून टाकतो. भिंतीतून एक तोटी डोकावत होती, सुबक, अख्खी. मोह आवरला नाही, उपटली. सर आले, तोटी हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "कोणत्या थरातली?" दोन थरांच्या सांध्यावर भोक पडलं होतं. मला सांगता आलं नाही. ती तोटी 'थर अनिश्चित' असं लिहून पिशवीत गेली, आणि मी आठवडाभर खापरं धुवायला.

तुमची खापरं नखाने टिचकी मारून पाहा. कडा नीट भाजलेल्या आणि नाद धातूसारखा आला तर मला फोटो टाका.

घोडकाठची सून
तीन तुकडे टण्ण वाजले! बाकीचे भद्द. एक तुकडा हिरवट, काचेसारखा चकचकीत आहे.

खुरपं-ब्रश
फोटो पाहिले. ते तीन आणि तोटी जोर्वे पद्धतीच्या भांड्यांची वाटतात. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये खोदकाम झालं, तिथून हे नाव आलं. काळ ढोबळ मानाने इ.स.पू. १४०० ते ७००. हिरवा चकचकीत तुकडा मात्र मध्ययुगातला असावा. म्हणजे एका ट्रॉलीत दोनेक हजार वर्षांची खिचडी. फोटोवरून यापुढे मी बोलणार नाही.

तुमच्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली निघाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. हे कळलं कारण ब्रशने, इंचाइंचाने माती काढली. जेसीबीच्या बकेटमध्ये तेच आलं असतं तर चार खापरं आणि थोडी हाडं, बस.

प्रवराकाठ
आमच्याकडचं दायमाबादचं उदाहरण घ्या. १९७४ मध्ये झाडाचं खोड खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले, सगळे धातूचे, मिळून ६० किलोंच्या वर. पुढे तिथे रीतसर उत्खननही झालं. पण मूळ वस्तू थरासकट मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळावर विद्वान अजून भांडतात.

खुरपं-ब्रश
नेमकं. आणि ताई, असलं काही लागलं तर १८७८ चा कायदा आहे: जमिनीत पुरलेली १० रुपयांवर किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. स्वतः खणू नका. तूर्त एवढंच करा: माती काढल्यामुळे टेकाडाची जी उभी बाजू उघडी पडली असेल तिला मोजायची टेप लावून फोटो काढा, ट्रॉली कोणत्या बाजूने भरली ते लिहा, आणि तुकडे कागदी पिशवीत चिठ्ठीसकट ठेवा. मग जवळच्या पुरातत्त्व विभागात जा. खापरांपेक्षा ते फोटो बघून ते जास्त खूश होतील.

घोडकाठची सून
फोटो काढले. दिरांनी आमच्या ट्रॉल्या थांबवल्या, गावाचं सांगता येत नाही. तुकडे मात्र १८ होते. एक धाकट्याने ठिकरी खेळायला नेला होता, कडा घासून गोल करून आणलाय. 😔

खुरपं-ब्रश
तोही पिशवीत टाका, पण चिठ्ठीवर 'यंदा घासला' असं ठळक लिहा. खापर घासून केलेल्या अशा गोल चकत्या आम्हाला खड्ड्यातही ढिगाने मिळायच्या.