मदत हवी आहे: बी.ए. इंग्रजी साहित्य, मायनर कोणता घ्यावा आणि तीन वर्षं की चार?

वाचनवेडी:

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला शाखेत शिकते. एफ.वाय. झालं. आता एस.वाय.चा फॉर्म भरायचाय आणि त्यात मेजर कोणता, मायनर कोणता हे लिहून द्यायचंय. पहिल्या वर्षी इंग्रजी, मराठी आणि इतिहास असे तीन विषय होते. आता त्यातला एक मेजर होणार, एक मायनर आणि तिसरा सुटणार. मेजर इंग्रजीच घ्यायचं हे माझं पक्कं आहे. पुढचं काहीच ठरत नाहीये.

थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी कला. घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही. पहिल्या वर्षी आमच्या सरांनी एकदा फळ्यावर आठ ओळींची कविता लिहिली, तिसऱ्या ओळीतला एक शब्द पुसला आणि म्हणाले, इथे काय बसेल ते प्रत्येकाने सांगा. अर्ध्या वर्गाने वेगवेगळे शब्द सांगितले. सरांनी एकेक शब्द त्या जागी लिहून अख्खी कविता पुन्हा वाचून दाखवली. प्रत्येक वेळी कविता वेगळी वाटत होती. तास संपला तरी आम्ही बसून होतो. त्या दिवसापासून मला हेच शिकायचंय, आणि पुढे हेच शिकवायचंय.

पण कॉलेजच्या फलकावरचा क्रेडिटचा तक्ता बघितला की डोकं चालत नाही. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, एफपी, सीईपी. एका सत्राला 22 क्रेडिट, तीन वर्षांची 132, एवढं समजलं. यात प्रत्यक्ष साहित्य किती शिकायला मिळणार? ताईच्या वेळी स्पेशलला इंग्रजी घेतलं की एस.वाय.ला नाटक आणि कविता, टी.वाय.ला कादंबरी आणि समीक्षा असा सरळ हिशोब होता.

मायनर मराठी घेऊ की इतिहास? मन मराठीकडे ओढतंय, पण वर्गातल्या मुली म्हणतात दोन्ही भाषा घेतल्या तर नोकरीला अडचण येते. हे खरं आहे का? आणि ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष काम करायचं असतं ना? कॉमर्सच्या मैत्रिणींना सीएच्या ऑफिसात जागा मिळते. साहित्यवाल्यांनी तालुक्याच्या गावात कुठे जायचं?

सगळ्यात मोठा प्रश्न तीन वर्षं की चार हा. आमच्या कॉलेजात चौथं वर्ष नाही. त्यासाठी नाशिकला किंवा पुण्याला जावं लागेल, म्हणजे खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च आला. वडील म्हणतात तीन वर्षांत पदवी घे, बी.एड. कर आणि नोकरीला लाग. मला जमलं तर सीनिअर कॉलेजला शिकवायचंय. आत्ता चुकीची निवड करून पुढचं कुठलंही दार बंद व्हायला नको, एवढीच धडपड आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तळटीप:

वाचनवेडी, मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तक्त्याची भीती आधी काढून टाक. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक. मेजर म्हणजे पूर्वीचं स्पेशल. साहित्य तिथेच आहे आणि सर्वांत जास्त क्रेडिट त्यालाच आहेत. व्हीएससी हा कौशल्याचा पेपर असला तरी तो मेजरलाच जोडलेला असतो, त्यामुळे इंग्रजीच्या मुलांना त्यात बहुधा भाषांतर, संपादन, लेखन असं काहीतरी मिळतं. एसईसी हाही कौशल्याचाच पेपर. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. एईसी म्हणजे भाषेचे पेपर, व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान वगैरे. ओई मात्र दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो, म्हणजे तुला वाणिज्य किंवा विज्ञानाकडचा एखादा. सीसी म्हणजे एनएसएस, क्रीडा, कला. एफपी आणि सीईपी म्हणजे क्षेत्रभेटीचा प्रकल्प आणि समाजात जाऊन करायचं काम. सरकारच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 आणि चार वर्षांना 160 ते 176 क्रेडिट आहेत. तुमच्या विद्यापीठाने त्यातला वरचा आकडा घेतलेला दिसतोय.

साहित्य किती, हा तुझा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर तक्त्यात सापडणार नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून एस.वाय. आणि टी.वाय.चा अभ्यासक्रम उतरवून घे. शेजारी यूजीसी नेटचा, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, इंग्रजीचा अभ्यासक्रम ठेव. त्यात दहा घटक आहेत: नाटक, कविता, कथा-कादंबरी, ललितेतर गद्य, भाषा, भारतातलं इंग्रजी, सांस्कृतिक अभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचे साहित्यसिद्धांत आणि संशोधनपद्धती. पदवीच्या पेपरांत यातलं काय येतंय आणि काय येत नाहीये यावर खुणा कर. जे येत नाही ते स्वतः वाचायचं किंवा 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर करायचं. एका सत्रातली 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंच्या अभ्यासक्रमांतून घेता येतात असा यूजीसीचा नियम आहे. पण नाव नोंदवण्याआधी आपल्या कॉलेजला आणि परीक्षा विभागाला विचार की ही क्रेडिट कोणत्या पेपरच्या जागी धरणार. आधी कोर्स केला आणि नंतर विचारलं तर मुलं अडकतात, हे दर वर्षी बघते.

भाषाविज्ञानाचा पेपर आला की मराठी माध्यमातली मुलं घाबरतात. खरं तर तिथे तुम्हीच पुढे असता. प्रमाण ब्रिटिश उच्चारांत 44 ध्वनी धरतात, 24 व्यंजनं आणि 20 स्वर. आपला 'व' एकच. इंग्रजीत मात्र वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढायचा एक आणि दोन्ही ओठ गोल करून काढायचा दुसरा, असे दोन आहेत. वर्गात आरसा घेऊन बसवते मुलांना. दंत्य, तालव्य, ओष्ठ्य हे शब्द तुम्हाला शाळेपासून माहीत असतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तिथून सुरुवात करावी लागते.

चौथ्या वर्षाबद्दल रात्री लिहिते, आत्ता तास आहे.

निफाडकर:

मायनरबद्दल सांगतो. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. बी.एड.ला दोन शालेय विषयांच्या मेथड, म्हणजे अध्यापन पद्धती, घ्याव्या लागतात आणि ते विषय पदवीला शिकलेले असावे लागतात. मराठी आणि इतिहास दोन्ही शाळेत शिकवले जातात, म्हणून तुमचं दोन्हीकडून भागतंय. जे मायनरला मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेतात त्यांची इथे अडचण होते. दोन भाषा घेतल्या तर नोकरी मिळत नाही, हे मी तरी कुठे पाहिलेलं नाही. लहान शाळेत एकाच शिक्षकाने दोन्ही भाषा सांभाळल्या तर मुख्याध्यापकांना ते सोयीचंच पडतं.

बी.एड.ला खुल्या वर्गासाठी पदवीला 50 टक्के आणि राखीवसाठी 45 टक्के लागतात. शिवाय सीईटी आहे. इंग्रजी मेथड हवी असेल तर ईएलसीटी नावाची इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागते, ती विसरू नका. फॉर्म भरताना तिचा पर्याय राहिला की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. आणि अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतं. वडिलांना हेही सांगा.

खिडकीतली_जागा:

ओजेटीचं मी सांगते. मी एम.ए. पहिल्या वर्षाला केलं. चार क्रेडिटचं, म्हणजे साधारण 120 तास. आमच्याही गावात काही सोय नव्हती. शेवटी सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथे एका निवृत्त वकिलांच्या घरून आलेली इंग्रजी पुस्तकं दोन कपाटांत कुलूप लावून पडली होती. ग्रंथपाल काकांना इंग्रजी नोंदी करायला माणूस नव्हता. मी दाखलनोंदवहीत एकेक पुस्तक चढवलं: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत. कविता कुठली, नाटक कुठलं, निबंध कुठले हे ठरवताना प्रत्येक पुस्तकाची प्रस्तावना वाचावी लागायची. काही पुस्तकांच्या समासात वकीलसाहेबांनी पेन्सिलीने मराठीत टिपणं केली होती. ती वाचायला मला सर्वांत आवडायचं. शेवटी प्रत्येक पुस्तकाची मराठीतून चार ओळींची ओळख लिहून फलकावर लावली, आणि लोक ती पुस्तकं न्यायला लागले.

कॉलेजने ते मान्य केलं, कारण कामाचं लेखी पत्र, रोजची हजेरी आणि शेवटचा अहवाल होता. ही तीन कागदपत्रं नसतील तर काम करूनही क्रेडिट मिळत नाहीत. स्थानिक वर्तमानपत्राचं कार्यालय, प्रकाशक, छापखान्यातलं मुद्रितशोधन, शाळेतलं भाषेचं काम, हे सगळं चालू शकतं. आधी विभागप्रमुखांची सही घे.

तळटीप:

तीन की चार याचा हिशोब असा आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एम.ए. मिळून पाच वर्षं होतात. चार वर्षांची पदवी आणि एक वर्षाचं एम.ए. मिळूनही पाचच. म्हणजे एम.ए. करायचंच असेल तर वेळेत फरक नाही. फरक चौथ्या वर्षी काय करतेस यात आहे. ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स असे दोन रस्ते आहेत. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा तितकं सीजीपीए लागतं, 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो, आणि तो चालवायला विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले कायम प्राध्यापक लागतात. म्हणून लहान कॉलेजांत तो सहसा मिळत नाही. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी झाली तर नेट देऊन थेट पीएच.डी.ला जाता येतं. पण सीनिअर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) हाच रुळलेला मार्ग आहे. त्यामुळे चौथं वर्ष केलं नाही म्हणून तुझं दार बंद होत नाही.

तुझ्या जागी मी असते तर तीन वर्षं तिथेच नीट करून एम.ए.ला विद्यापीठात गेले असते. शहरातला खर्च एम.ए.च्या दोन वर्षांसाठी राखून ठेव, कारण मोठं ग्रंथालय आणि वेगवेगळे प्राध्यापक तिथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. हे माझं मत आहे. टी.वाय.पर्यंत गुण चांगले राहिले आणि पैशाची सोय झाली तर चौथ्या वर्षाचा निर्णय तेव्हाही घेता येतो. तुझी क्रेडिट अॅकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, जमा असतात. अपारचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम ओळखीचा, क्रमांक कॉलेजकडे नोंदवला आहे का, आणि पहिल्या वर्षाची क्रेडिट तिथे दिसतात का, हे मात्र याच आठवड्यात तपास.

चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाच्या बी.एड.बद्दल कुणी सांगेल. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईने 2025 मध्ये त्याचा मसुदा काढला होता. मसुद्याच्या भरवशावर वर्षं ठरवू नकोस.

आणि मायनर मराठीच घे. निफाडकरांनी नोकरीचं सांगितलं, मी अभ्यासाचं सांगते. आगरकरांचं 'विकारविलसित' हे हॅम्लेटचं भाषांतर 1883 चं, देवलांचा 'झुंझारराव' ऑथेल्लोवरून घेतलेला. शेक्सपिअरचा एक अंक इंग्रजीत वाचायचा आणि तोच अंक या नाटकांत बघायचा. काय ठेवलं, काय बदललं, कुठली पात्रं आपल्याकडची झाली हे टिपून ठेवायचं. टी.वाय.च्या प्रकल्पाला विषय तयार होतो, आणि तो करायला दोन्ही भाषा येणारी मुलगी लागते.

वाचनवेडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना पाच वर्षांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला, त्यांना तो पटला. बी.एड. एम.ए.च्या आधी करायचं की एम.ए.नंतर यावर अजून बोलणं चालू आहे. मायनर मराठी लिहिलं आहे, फॉर्म सोमवारी देते. अपारचा क्रमांक आहे, पण पहिल्या सत्राची क्रेडिट दिसतात आणि दुसऱ्याची नाहीत. हे कॉलेजला सांगायचं की विद्यापीठाला?

तळटीप:

आधी कॉलेजला. दुसऱ्या सत्राचा निकाल लागून किती दिवस झाले ते बघ, क्रेडिट चढायला वेळ लागतो. महिना उलटूनही दिसली नाहीत तर गुणपत्रिकेची प्रत जोडून लेखी अर्ज दे, आवक क्रमांक टाकून पोच घे, आणि त्याची प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला ईमेलने पाठव. अपारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, तेही पडताळ. वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं यावरून बऱ्याच मुलांची क्रेडिट अडकतात.