बुलेट ३५०: ओव्हरसाइज बोरनंतर रिंग गॅप कमी भरतोय

प्रश्न (कोथरूड_३५०):
जुनी कास्ट आयर्न बुलेट, मूळ बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी. ०.५० मिमी ओव्हरसाइज बोरिंग-होनिंग झालंय, पिस्टन आणि रिंग सेट नाना पेठेतून घेतला. रिंग बोरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, फिलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) टॉप रिंगला ०.१८ आणि दुसरीला ०.२० मिमी येतेय. लेथवाले म्हणतात, 'तशाच टाका, चालून बसतील.' टाकू का?

घाटवाला:
नका टाकू. चालून रिंगचा बाहेरचा चेहरा बसतो, गॅप नाही. ७०.५ च्या बोरचा परीघ साधारण २२१ मिमी. बिडाची रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंश जास्त तापली तर लांबी जवळपास पाव मिलिमीटरने वाढते. कात्रजचा घाट डबलसीट चढताना ०.१८ चा गॅप पूर्ण मिटेल, टोकं एकमेकांवर आदळतील, बोरला ओरखडे पडतील आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनची लँडच (दोन खोबणींमधली कड) तुटेल.
ढोबळ हिशेब बोरच्या दर मिलिमीटरला ०.००४, म्हणजे ०.२८. एअर-कूल्ड आहे, म्हणून टॉप ०.३० ठेवा. दुसरी ०.३५, नाहीतर दोन रिंगांमध्ये गॅस कोंडून टॉप रिंग खोबणीतून उचलली जाते. पाच शतांश जास्त झाले तरी फारसं बिघडत नाही. कमी पडले तर इंजिन जातं.

कानस_आणि_तेल:
घासायची पद्धत: बारीक चपटी कानस वाइसमध्ये पकडा आणि रिंग तिच्यावर फिरवा. एकच टोक घासा, दुसरं संदर्भाला तसंच राहू द्या. कानशीचा घाव नेहमी बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला. उलटा मारला तर क्रोमचा थर कडेला उडतो. दोन-तीन घाव, पुसा, मोजा, परत. घाई केली तर नवीन सेट आणावा लागतो, घासलेलं परत येत नाही! शेवटी ऑइल स्टोनने बर (घासून उरलेली धारदार कोर) काढा, पण कडा गोल करू नका.
मोजताना रिंग बोटाने ढकलू नका, तिरकी बसते. उलट्या पिस्टनने सरळ २५ मिमी खाली न्या. ऑइल रिंग तीन तुकड्यांची असेल तर मधल्या एक्स्पांडरला (स्प्रिंगसारख्या तुकड्याला) कानस लावायची नाही.

घाटवाला:
एक राहिलं. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी गॅप मोजा. व्यासातला ०.०१ चा फरक गॅपमध्ये ०.०३ दिसतो. वर-खाली ०.०६ चा फरक आला तर बोर दोन शतांश टेपर (एका टोकाला निमुळता) आहे. कानस बाजूला ठेवा आणि सिलिंडर परत लेथवर न्या.

कोथरूड_३५०:
मोजलं. वर ०.१८, मध्ये ०.१८, खाली ०.१७.

कानस_आणि_तेल:
बोर ठीक आहे. ०.१७ च्याच जागी मोजून घासा. बसवताना 'टॉप' खूण वर आणि तिन्ही गॅप १२० अंशांवर; पिस्टन भिंतीवर दाबला जातो त्या थ्रस्टच्या बाजूला, म्हणजे पुढे किंवा मागे, एकही येऊ देऊ नका.