मदत हवी आहे: इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये भोपळ्याचं नुसतं पाणी होतंय

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. कुठल्या विभागात विचारू कळेना, म्हणून इथेच धागा काढते.

दिवाळीला दिरांनी सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर दिला. भात, डाळ, चवळी सगळं झकास होतं. गाडी अडलीय ती लाल भोपळ्यापाशी. आणि भोपळा घरात आहे साडेचार किलोंचा! चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या मांडवीला, बांधला होता. विसर्जनानंतर नारळ, चिबूड, तोरंजनं सगळं वाटून-खाऊन संपलं, हा तेवढा साबांनी (सासूबाईंनी) देठासकट कोठीच्या खोलीत चुंबळीवर बसवून ठेवला. "पिकिल्लो दुदी चार म्हयने रावता." राहिला खरा. आता डिसेंबर उजाडला तेव्हा कापलाय, म्हणजे संपवायलाच हवा.

(माहेर साताऱ्याचं असल्यामुळे खुलासा: आमच्या सासरी, गोव्यात, दुदी म्हणजे लाल भोपळा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात साबांनी दुदी आणायला सांगितला आणि मी फोंड्याच्या बाजारातून हिरवागार दुधी घेऊन आले. त्याची आठवण अजून दर चवथीला निघते.)

तर आतापर्यंतचे पराक्रम असे. पहिल्यांदा घाऱ्यांसाठी चार वाट्या फोडी, दोन वाट्या पाणी, दहा मिनिटं. झाकण उघडलं तर सूप. घाऱ्यांच्या पिठात कणीक ओतत गेले, चार वाट्या गेली तरी हाताला चिकटतच होतं. तळल्यावर भोपळ्याची चव शोधावी लागली.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला. पाणी नकोच म्हणून भोपळा आणि गूळ एवढंच घातलं. दहा-बारा मिनिटांनी कुकर किंचाळला, लाल अक्षरं आली, आणि तळाला गुळाचा काळा थर. तो काढायला दोन दिवस भिजवावं लागलं.

तिसऱ्यांदा खतखतं, म्हणजे इथली डाळ घातलेली मिश्र भाजी. भोपळा विरघळून रसात मिळाला आणि सुरण कच्चं. तूरडाळही कणीदार राहिली.

प्रश्न: पाणी किती घालायचं? दोन शिट्ट्यांना मिनिटं किती धरायची? आणि आमच्याकडे पावसाबिवसात लाईट जाते, मध्येच गेली तर आतल्याचं काय? साबा रोज ओट्याशी येऊन विचारतात, "शिटी मारिना तो कसलो कुकर गे?" त्यांना देण्यासारखं उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.

रिकामटेकडा

उत्तर सोपं आहे. तोंडाने शिट्टी मारा.

वाफाळ

साबांचा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका, सगळी मेख तिथेच आहे.

गॅसवरच्या कुकरची शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ वजन उचलून बाहेर जाणं. दर शिट्टीला थोडं पाणी उडून जातं, म्हणून आपण आधीच सढळ हाताने घालतो. इलेक्ट्रिक कुकर आतला दाब मोजतो आणि पुरेसा झाला की स्वतःच कॉइल बंद करतो, कमी झाला की चालू. त्यामुळे वाफ जवळपास बाहेर पडतच नाही. घातलेलं पाणी आतच राहतं, वर भोपळ्याचं स्वतःचं पाणी. लाल भोपळ्यात शंभर ग्रॅमला नव्वदच्या आसपास ग्रॅम पाणीच असतं. तुम्ही दोन वाट्या ओतल्या, त्याने आपल्या पदरच्या घातल्या. सूप नाही होणार तर काय!

शिट्ट्यांना मिनिटांत मोजायचा नाद सोडा. शिट्टी किती वेळाने होते ते आंच, कुकरचा आकार, आत किती भरलंय यावर असतं, तिला ठराविक मिनिटं नसतात. शिवाय दाबही वेगळा. गॅसवरचा कुकर साधारण चौरस सेंटिमीटरला १ किलोवर वजन उचलतो, म्हणजे आत १२० अंशांच्या आसपास. इलेक्ट्रिकवाले बहुतेक ०.७ ते ०.८ वर थांबतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. भोपळ्यासारख्या मऊ जिनसेला हा फरक काहीच नाही, छोले-राजम्याला जाणवतो.

दुसऱ्या प्रयत्नात जे झालं तेही यातूनच. दाब तयार व्हायला आधी वाफ हवी, वाफेला पातळ पाणी हवं. भोपळा पाणी सोडतो, पण तापल्यावर, हळूहळू. तोवर गूळ वितळून तळाला बसतो आणि करपतो. तळ प्रमाणाबाहेर तापला हे यंत्राला कळतं आणि ते बोंब मारतं. त्याने तुमचा कुकर वाचवला, त्याला बोल लावू नका.

म्हणून पाणी घालायचं ते खाली, भोपळा ठेवायचा वर. सहा लिटरला एक कप, म्हणजे पाव लिटर पाणी तळाशी पुरतं. त्यावर तिवई आणि तिवईवर मोदकपात्राची जाळी किंवा स्टीलची चाळणी. डबा नको. बंद बुडाच्या डब्यात वाफेचं पाणी साचतं आणि पुन्हा तीच कथा. सालासकट चार-पाच सेंटिमीटरच्या फोडी असतील तर पूर्ण दाबावर चार मिनिटं. अर्धा भोपळा बिया काढून तसाच ठेवला तर सात-आठ. जून, दाट गराचा असेल तर एखादं मिनिट जास्त. दाब चढायला दहाएक मिनिटं लागतात ती यात धरलेली नाहीत, आणि त्या वेळातही आत शिजणं सुरू झालेलं असतं.

फोडी असतील तर वेळ संपल्याबरोबर वाफ सोडून द्या. आपोआप दाब उतरायची वाट बघितलीत तर त्या पंधरा मिनिटांत फोडी शिजतच राहतात. तुमच्या पहिल्या वेळच्या दहा मिनिटांची खरी पंचवीस-तीस झाली असणार. अर्धा भोपळा असेल तर मात्र उतरू द्या आपसूक, गर छान बसतो. वाफ सोडताना हात आणि तोंड लांब. लाकडी डावाने खटका फिरवा आणि वरती लाकडी कपाट असेल तर कुकर पुढे ओढून घ्या.

सोलकढी

+१ चाळणीला. साल आधी काढत बसू नका. कच्च्या भोपळ्याची साल काढताना माझा अंगठा कापलाय, तीन टाके. शिजल्यावर चमच्याने गर सुटा होतो.

एक पथ्य: कापल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर तो भोपळा सरळ टाकायचा. शिजवून, गूळ घालून कडूपणा जात नाही आणि पोट बिघडतं. भोपळा, दुधी, पडवळ, सगळ्यांना हेच लागू.

बार्देशी

कुकरात खतखतं?! नावच बघा की. मंद आंचेवर खतखत खतखत शिजतं ते खतखतं. असो, जग बदललं.

धागाकर्तीने कुठल्या क्रमाने काय घातलं ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज सांगतो, सोलां (आमसोलं) सुरुवातीलाच घातली ना?

फोंडेकरीण

अगोबाई, हो! सुरण खाजरं असतं म्हणून सात-आठ सोलां पहिल्यापासूनच. तुम्हाला कसं कळलं?

बार्देशी

डाळ कणीदार राहिली म्हणालात तिथेच कळलं. आंबट पाण्यात भाज्या आणि डाळी मऊ पडायला फार वेळ घेतात. घरोघर आमसोलं, चिंच शेवटी पडतात ती नुसत्या चवीसाठी नाही. सुरणाच्या खाजेवर उपाय वेगळा करायचा: फोडी सोलांच्या किंवा चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, ते पाणी फेकून द्यायचं, धुवून साध्या पाण्यात शिजवायच्या.

आता यंत्रातच करायचं तर दोन खेपांत करा. आधी तूरडाळ, सुरण, कणगी (कंद), मुळा, हे सगळे घट्ट गडी पाणी घालून दाबाखाली. डाळ आधी भिजवलेली असेल तर सात-आठ मिनिटं खूप झाली. वाफ सोडा, झाकण काढा. मग परतायच्या मोडवर भोपळ्याच्या मोठ्या फोडी आणि शेंगा घालून उघड्यावर शिजू द्या. भोपळा सालासकट घाला, नाहीतर फोड टिकत नाही. दहा-बारा मिनिटांत होतो. त्यानंतर खोबऱ्याचं वाटण, सोलां, गूळ, आणि सगळ्यात शेवटी ठेचून बिया काढलेली तिरफळं. वाटण घातल्यावर दाब पुन्हा चढवू नका, दाट रस तळाला धरतो आणि परत लाल अक्षरं येतील.

म्हणजे अर्धं खतखतं तरी खतखतेल.

रिकामटेकडा

आणि उरलेलं अर्धं बीप बीप करेल.

वाफाळ

लाईटचं राहिलं. मध्येच गेली तरी आतला दाब लगेच जात नाही. झाकणावर छोटी पिन असते, ती वर असेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, जोर तर मुळीच नाही. भोपळा असेल आणि पिन वर आलेली असेल तर बहुधा तेवढ्यात होऊनच जातो. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मात्र हा लावू नका, हजार वॅटच्या आसपास खेचतो.

फोंडेकरीण

मंडळी, करून बघितलं. तपशील देते, कुणाला उपयोगी पडला तर.

पाऊण किलो भोपळा, सालासकट मोठ्या फोडी. खाली मोजून एक कप पाणी, त्यावर तिवई, त्यावर मोदकपात्राची जाळी. चार मिनिटं लावली. साबांना म्हटलं, शिट्टी नाही पण ही पिन बघत बसा, वर आली की समजायचं तयारी झाली. त्या चष्मा लावून खुर्ची घेऊनच बसल्या. आधी पिनेच्या कडेने बारीक फुसफुस, एक थेंब नाचतो, मग टक् करून पिन वर आणि सगळं चिडीचूप. "गेलो वाटता," म्हणाल्या.

डावाने खटका फिरवला तेव्हा जी काय वाफ उसळली, त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. पण चेहरा खुलला. म्हणाल्या, एकदाच मारतो पण जोरात मारतो.

आत फोडी अख्ख्या. सुरी लोण्यासारखी जात होती, साल चमच्याने निघाली. खालचं पाणी मुद्दाम मोजलं. घातलं होतं एक कप, निघालं सव्वा कप, केशरी रंगाचं. म्हणजे वाफाळ म्हणाले तसं, गेलं काहीच नाही, उलट भोपळ्याचं ठिबकून वाढलं. दुसऱ्या दिवशीच्या डाळीत घातलं, गोडसर छान लागलं.

गर चाळणीतच दहा मिनिटं निथळू दिला, मग गूळ घालून कढईत परतला, डावाला गोळा धरेपर्यंत. यावेळी कणीक अडीच वाट्यांतच आवरली, पाण्याचा थेंब न घालता. घाऱ्या टम्म फुगल्या आणि भोपळ्याच्या लागल्या! मुलाने गरम गरम सहा हाणल्या.

खतखतं रविवारी केलं, बार्देशींच्या क्रमाने. सुरण शिजलं, भोपळा फोडीच्या फोडी राहिला. साबा म्हणाल्या, बरें जालां. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पण नवीनच भानगड. आज चहाबरोबर भोपळ्याचा शिरा करायला घेतला, तर शिऱ्याला तिरफळांचा वास! कुकर दोनदा घासला होता.

सोलकढी

रिंग. झाकणाच्या आतली सिलिकॉनची रिंग वास धरते, कितीही घासा. तिरफळं, लसूण, सुकं बांगडं, सगळ्याचा. काढून चांगल्या उन्हात टाका दोन दिवस, पुष्कळ कमी होतो. आणि दुसरी रिंग मागवून ठेवा, एक तिखटाची, एक गोडाची. बसवताना खाचेत नीट बसली का ते बोट फिरवून बघा, नाहीतर कडेने वाफ जात राहील आणि दाबच चढणार नाही.

फोंडेकरीण

रिंग अंगणात दोरीवर लटकवली. साबा विचारतायत, ही कसली माटोळी.

भोपळा अजून दीड किलो शिल्लक आहे. शिजवून गर फ्रीझरला टाकला तर टिकेल का?

वाफाळ

टिकतो. गार करून, निथळवून, एका वेळच्या घाऱ्यांपुरत्या चपट्या पिशव्या भरा, दोन-तीन महिने आरामात. फक्त तो गर कुकरात बरणीत घालून टिकाऊ करायचा प्रयोग करू नका. दाट गराच्या मधोमध उष्णता नीट पोचत नाही, बरणी बाहेरून ठीक दिसते आणि आतून विषारी झालेली असू शकते. फ्रीझरच बरा. वितळल्यावर थोडं पाणी सोडेल, ते ओतून द्या आणि मगच गूळ घाला.