मदत हवी आहे: टाके घालताना व्हीआर हेडसेट वापरणारं कुणी आहे का?

आमच्या कॅज्युअल्टीत टाके घालताना, भाजलेल्याचं ड्रेसिंग करताना 10 वर्षांपुढच्या मुलांचं लक्ष दुखण्यावरून हटावं म्हणून व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, आभासी जग दाखवणारा) लावून पाहतोय. लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) नेहमीसारखं देतोच, हे जोडीला. मोबाइलवर कार्टून लावून झालं. पोरांची नजर सुईकडेच! (आईबापांची कार्टूनकडे.) डोक्याला मार, उलट्या, फिट्स असतील तर लावत नाही.

सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात भाजलेल्यांसाठी वापरलेल्या ‘स्नोवर्ल्ड’ या व्हीआर गेमसारखं, बर्फाचे गोळे फेकायचं काहीतरी हवंय. पण पेशंट आडवा, एका हाताला सलाईन, वॉर्डात नेट नाही. शिवाय हेडसेटच्या फोमला रक्त-घाम लागतो, म्हणून सिलिकॉनचं कव्हर घेतलंय.

तर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा: दोन पेशंटच्या मध्ये कव्हर आणि लेन्स कशाने पुसता? आणि झोपून, कंट्रोलरशिवाय, ऑफलाइन चालणारा कोणता गेम लावता?