मदत हवी आहे : मिनी गोल्फमध्ये फटके कसे मोजावेत?

नमस्कार,

आम्ही काही जण मिनी गोल्फ खेळू लागलो आहोत. खेळ मनापासून आवडला आहे, परंतु गुण मांडताना दर वेळी मतभेद होतात. पटरने, म्हणजे चेंडू ढकलण्याच्या काठीने, १८ होल पूर्ण करायचे, प्रत्येक फटक्याचा एक गुण धरायचा आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी, इथपर्यंत एकमत आहे. घोडे अडते ते पुढे. पवनचक्कीच्या होलवर एका खेळाडूचा पहिला चेंडू पात्याला लागून परत आला, दुसऱ्या फटक्यात तो पलीकडे गेला, तिसऱ्यात कठड्यावरून बाहेर उडाला आणि आत ठेवल्यावर चौथ्यात होलमध्ये पडला. काहींनी हे चार धरले, तर काहींनी पाच. योग्य काय? चेंडू होलमध्ये जातच नसेल तर कुठे थांबावे आणि कार्डावरच्या ‘पार’चा हिशेबाशी संबंध काय, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद :

पात्याला लागून परत आलेला फटका मोजावाच लागतो, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न उरतो तो बाहेर गेलेल्या चेंडूचा. मौजेसाठी खेळताना बऱ्याच ठिकाणी त्याबद्दल एक दंडगुण धरतात. तसे असेल तर पाच. जागतिक मिनी गोल्फ महासंघाच्या स्पर्धांत मात्र असा दंड नसतो. चेंडूने अडथळ्यापुढची लाल रेषा ओलांडली असेल तर तो जिथून बाहेर गेला तिथे आत ठेवतात, ओलांडली नसेल तर पुन्हा आरंभस्थानावरून खेळतात. त्या हिशेबाने चार. मला दंड नसलेली पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण फुकट गेलेला फटका हीच पुरेशी शिक्षा आहे.

मर्यादा सहा फटक्यांची. सहाव्या फटक्यालाही चेंडू होलमध्ये गेला नाही, तर स्पर्धेत आणखी एक गुण मिळवून सात लिहितात. घरगुती खेळात अनेक जण सहावरच थांबतात. एका होलवर सात आणि दुसऱ्यावर सहा, असे मात्र चालणार नाही, म्हणून पहिला फटका मारण्यापूर्वीच हे ठरवून घ्यावे.

पार म्हणजे त्या होलसाठी अपेक्षित फटके, बहुधा दोन किंवा तीन. त्यावरून आपला खेळ कसा झाला हे कळते, पण विजेता ठरतो तो एकूण बेरजेवरच. कार्डाचे काम एकाकडेच द्यावे आणि होल संपताच, पुढच्या होलकडे वळण्यापूर्वी, प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचून लिहावा. नंतर आठवून लिहिलेल्या आकड्यांवरूनच बहुतेक वाद उद्भवतात.

प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. आम्ही आळीपाळीने एकेक फटका मारतो, त्यामुळे माझा चेंडू दुसऱ्याच्या चेंडूवर आदळतो. तेव्हा काय करावे? आणि चेंडू कठड्याला अगदी चिकटून थांबला तर?

प्रतिसाद :

स्पर्धेत एका खेळाडूने होल पूर्ण केल्यावरच दुसरा सुरुवात करतो, त्यामुळे पहिला प्रश्न उद्भवतच नाही. आपणही तसेच खेळावे. कठड्याला चिकटलेला चेंडू पटरच्या डोक्याइतका आत घेण्याची मुभा सहसा असते आणि त्याचा गुण धरत नाहीत. मात्र तो सरळ आत घ्यावा, होलच्या दिशेने सरकवू नये.