विषय: पावसाळी भाज्या घरात आल्यात, नेटवरच्या कुठल्या रेसिपीवर भरवसा ठेवू?

प्रेषक: नौपाडा, ठाणे

नमस्कार मंडळी,

सध्या मी ठाण्यात आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे बाजारहाट माझ्याकडे. काल जांभळी नाक्याच्या मंडईत गेले होते. पाऊस चांगला लागलाय आणि येऊर, शहापूर, मुरबाडकडच्या बायका पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. मेथी-पालक राहिले बाजूला. फोडशी, टाकळा, शेवळं असं सगळंच उचलून आणलं. शेवळांबरोबर त्या बाईने हिरवी आवळ्यासारखी फळंही दिली, काकडं म्हणाली.

आमच्या सासूबाई सोलापूरच्या. अंबाडी, चाकवत, घोळ त्या डोळे मिटून करतील, पण या कोकणपट्टीतल्या रानभाज्या त्यांनी कधी केलेल्या नाहीत. म्हणून नेटवर बसले. रेसिप्या ढीगभर आहेत आणि प्रत्येकीचं म्हणणं वेगळं. शेवळांना कोणी चिंच घालतं, कोणी कोकम, कोणी काकडं, आणि एका ठिकाणी तर आंबटाचा पत्ताच नाही. फोडशी एकीकडे नुसती कांद्यावर परतलेली, दुसरीकडे मूगडाळ घातलेली, तिसरीकडे बेसन पेरलेली. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? भाजी ओली आहे, फार टिकणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक: नेरुळ, नवी मुंबई

अगं, आज शेवळं कर. बाकीचं उद्या-परवापर्यंत थांबेल. पालेभाजी धुऊ नकोस, वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली सुकव, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव.

माझं माहेर पेणचं, त्यामुळे आईच्या पद्धती हाताशी आहेत, पण नेरुळला परतल्यापासून मीही दर पावसाळ्यात नेटवर शोधत असते. एकाच चवीची भाजी घरात पुन्हा पुन्हा संपत नाही. मी दोनदा शोधते. पहिल्यांदा फक्त ‘निवडायची कशी, साफ कशी करायची’ एवढंच. दुसऱ्यांदा पाककृती. रानभाजीत निम्मं काम निवडण्यात असतं आणि बऱ्याच व्हिडिओंमध्ये भाजी थेट चिरलेलीच ताटात दिसते. अशी रेसिपी मी बाजूला ठेवते, मग ती कितीही छान दिसो.

शेवळांचं नीट सांगते. हाताला तेल लाव. वरची जाड आवरणं सोल, आत दांडा निघेल. त्याच्या खालच्या भागाला पिवळसर दाणेदार पट्टा असतो, तो पूर्ण काढून टाक. खाज तिथे सर्वांत जास्त. सुरण आणि अळूसारखेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून आंबट हवंच. काकडं मिळाली आहेत तर उत्तम. ती ठेचून पाण्यात उकळ, गाळून घे आणि ते पाणी भाजीत वापर. नसतीलच तर चिंचेचा घट्ट कोळ. दांडा बारीक चिरून तेलावर चांगला परत, मग आंबट पाणी घालून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजव. त्यात भिजवून सोललेले वाल घाल, किंवा घरात चालत असतील तर सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी. सोडे घातलेली शेवळं एकदा खाल्लीस तर पुढच्या जूनला आपणहून बाजारात जाशील. ज्या रेसिपीत आंबट नाही तिच्या वाटेला जाऊ नकोस, त्यात चर्चेला जागा नाही.

फोडशीचं काम सोपं पण वेळखाऊ. मुळाकडचा पांढरा भाग काप, मधला दांडा जून झाला असेल तर तोही काढ, आणि पाती सुटी करून भरपूर पाण्यात तीन-चारदा धू. पातींच्या बेचक्यात माती बसलेली असते. तुला मिळालेल्या तिन्ही पद्धती बरोबर आहेत. माझ्या मते पहिल्या दिवशी मूगडाळ घालून कर आणि उरलेली चिरलेली पात थालिपिठाच्या पिठात किंवा अंड्याच्या पोळीत घाल. बेसन पेरायचं असेल तर पात थोडी जास्त घे, शिजून फार बसते.

टाकळ्याची फक्त कोवळी पानं घे. उग्र वास असतो, तो कांदा, लसूण आणि ओल्या खोबऱ्याने आटोक्यात येतो. मे महिन्यातल्या फणसाच्या आठळ्या घरात पडल्या असतील तर उकडून, ठेचून त्यात घाल. ही गोव्याकडचीही पद्धत आहे. तिकडे टाकळ्याला तायकिळो म्हणतात आणि त्या नावाने शोधलंस तर आपल्याकडे फारशा न दिसणाऱ्या नारळाच्या भाज्या सापडतील. करटोलीचंही तसंच, ती आता यायला लागतील. कंटोळी म्हणून शोधलं की एक प्रकार, कोकणीत फागला म्हणून शोधलं की रव्यात घोळवून तळलेल्या काचऱ्या.

प्रमाणाकडेही लक्ष दे. रेसिपीतली ‘एक जुडी’ आणि आपल्या बाईने पानात बांधून दिलेली मूठभर जुडी यांत फार फरक असतो. निवडून, चिरून झालेली भाजी वाट्यांनी मोजायची आणि त्या हिशेबाने मीठ-तिखट घालायचं.

आणि एक कळकळीने सांगते. नेटवरचा फोटो बघून अंगणातला किंवा डोंगरावरचा पाला कोणीही तोडून आणू नये. ओळख पटवायची ती विकणाऱ्या बाईकडून. तिला विचार, ‘तुमच्याकडे कशी करता?’ मी दरवेळी विचारते आणि मगच घरी येऊन फोन उघडते.

काकू

---

प्रेषक: नेदरलँड्स

काकू, तुमची मेल मी आमच्या सगळ्या भाजीबागवाल्यांना पाठवली आहे. आमच्याकडे टाकळा नाही, पण अडचण तीच. जून-जुलैत वाफ्यातलं सगळं एकदम येतं. झुकिनी, बिटाचा पाला, नवलकोल, मुळा. इथल्या रेसिप्यांमध्ये पाला जवळजवळ सगळा फेकून देतात, आणि मला ते बघवत नाही.

मी आता भाजीच्या इथल्या नावाने न शोधता आपल्या पद्धतीच्या नावाने शोधतो. ‘मूगडाळ घालून पालेभाजी’, ‘पीठ पेरून भाजी’, ‘देठी’, ‘भरडा भाजी’. बिटाचा आणि नवलकोलाचा पाला मूगडाळीत उत्तम लागतो, मुळ्याच्या पाल्याला पीठ पेरणं मानवतं. झुकिनी दुधीसारखी किसून थालिपिठात जाते, पण तिला पाणी फार सुटतं. मीठ लावून पिळून घ्या आणि तेच पाणी पीठ भिजवायला वापरा.

इकडे रूबार्ब मिळतो. त्याचे लालसर देठ आंबट असतात, अंबाडीच्या जागी तुरीच्या डाळीत छान लागतात. पण फक्त देठ. रूबार्बची पानं विषारी असतात, ती चुकूनही भाजीत घालू नका. नव्याने आलेल्या मंडळींना हे माहीत नसतं. पानं दिसायला चांगली रुंद, आणि आपल्या हाताला पाल्याची वडी करायची सवय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

---

प्रेषक: नौपाडा, ठाणे

काकू, शेवळं झाली! काकडं उकळून, वाल घालून. सोलायलाच तासभर गेला. सासूबाई खुर्चीत बसून वाल सोलत होत्या आणि पिवळा पट्टा कुठे राहिला का, ते चष्मा लावून बघत होत्या. घशाला अजिबात टोचली नाही. त्यांनी भाकरीबरोबर दुसऱ्यांदा मागून घेतली.

फोडशी आज मूगडाळीत केली, उरलेली पात उद्याच्या थालिपिठाला ठेवली आहे. टाकळा तेवढा राहिलाय. आठळ्या मिळतात का ते शेजारी विचारून बघते, त्यांचं गाव रत्नागिरीकडे आहे.

माझी एक विनंती. आपल्या या मेल-यादीवर तयार पदार्थांचे फोटो भरपूर येतात, पण निवडण्याबद्दल कोणी लिहीत नाही. ज्यांना जी भाजी माहीत आहे त्यांनी एवढंच लिहावं: ती कधी येते, त्यातलं काय टाकायचं, आंबट किंवा उकडून पिळणं लागतं का, आणि कुठल्या नावांनी शोधायची. मी ते एका फाइलमध्ये एकत्र करते. सुरुवात काकूंच्या तीन भाज्यांनी केली आहे. भारंगी आणि कुर्डू कोणी लिहील का? भारंगी कडू असते, उकडून पाणी टाकावं लागतं एवढं बाजारातल्या बाईने सांगितलं, पुढचं हवंय. शनिवारी पुन्हा मंडईत जाणार आहे, त्याआधी उत्तर आलं तर भारंगी घेऊनच येईन.